शिकागोच्या जुन्या वस्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जूनमध्ये आई-बाबा यायचे असतात, ऑगस्टमध्ये मुलं शिकायला येतात आणि वर्षभर कोणी ना कोणी घर शोधत असतं. सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. फिरायला येणाऱ्यांनी पहिले सात-आठ प्रश्न वाचले तरी चालेल, घर घेणाऱ्यांनी मात्र ९ पासून पुढचं सोडू नका.

१. जुन्या वस्त्या म्हणजे डाउनटाउनच ना? एकच दिवस आहे, कुठे जाऊ?

डाउनटाउनमधल्या उंच इमारती हे वेगळं प्रकरण आहे, ते बोटीच्या टूरवर बघा. इथे बोलतोय ते लोक शंभर-सव्वाशे वर्षं राहतायत त्या गल्ल्यांबद्दल. एकच दिवस असेल तर माझं मत, सकाळी दक्षिणेला पुलमन (प्रश्न ६), येताना ब्रॉन्झव्हिल (प्रश्न ७) आणि संध्याकाळी उत्तरेला ओल्ड टाउन. गोल्ड कोस्टचा अ‍ॅस्टर स्ट्रीट सुंदर आहेच, पण तिथे श्रीमंतांचे वाडे बघून "वा" म्हणण्यापलीकडे फार काही हाती लागत नाही. पिल्सन जेवणाच्या वेळेला गाठा, मेक्सिकन जेवण आणि भिंतीवरची चित्रं दोन्ही होतात.

२. १८७१ च्या आगीत सगळं शहर जळलं होतं ना? मग त्याआधीची घरं कुठून आली?

सगळं नाही जळलं. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री डीकोव्हन स्ट्रीटवर ओ'लिअरी कुटुंबाच्या गोठ्यापाशी आग लागली, वारा नैर्ऋत्येकडून होता म्हणून ती उत्तरेकडे आणि ईशान्येकडे पळाली, डाउनटाउन खाल्लं, नदी ओलांडून पार फुलर्टन अ‍ॅव्हेन्यूपर्यंत गेली आणि पाऊस आला तेव्हा थांबली. १७ हजारांवर इमारती गेल्या, जवळपास एक लाख लोक बेघर झाले. पण आगीच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला असलेला बराच भाग, पिल्सन धरून, वाचला. त्यामुळे बेघर झालेले कितीतरी कामगार तिकडेच राहायला गेले.

जळलेल्या पट्ट्यातही एखादं घर वाचलेलं आहे. लिंकन पार्कमध्ये हडसन अ‍ॅव्हेन्यूवर एक छोटं लाकडी घर आहे, ते तिथल्या बेलिंजर नावाच्या पोलिसाने वाचवलं, पाणी संपल्यावर त्याने घरातली सायडर (सफरचंदाचं पेय) ओतली असं सांगतात, ते खरं माना नाहीतर सोडून द्या. आणि गाईने कंदील पाडला ही गोष्ट लहानपणी ऐकली असेल तर १९९७ मध्ये सिटी कौन्सिलने ठराव करून ओ'लिअरीबाईंना आणि गाईला दोघींना निर्दोष ठरवलंय. सव्वाशे वर्षं लागली. गोठ्याच्या जागेवर आता फायर ब्रिगेडची अ‍ॅकॅडमी आहे!

सगळ्यात जुनं घर म्हणून क्लार्क हाउस दाखवतात, १८३६ चं. ते आज प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूजवळ आहे, पण मधली शंभर वर्षं ते बरंच दक्षिणेला होतं आणि १९७७ मध्ये अख्खं घर उचलून, लोकल रेल्वेच्या उंच रुळांवरून पलीकडे घेऊन परत आणलं. नॉर्वुड पार्कमधल्या एका घराचा एक भाग १८३३ चा आहे, त्यामुळे "सगळ्यात जुनं कुठलं" यावर तिथले लोक अजून वाद घालतात.

३. नेबरहुड, कम्युनिटी एरिया, वॉर्ड, लँडमार्क डिस्ट्रिक्ट, हे सगळं एकच का?

अजिबात नाही आणि घर घेताना हा घोळ महागात पडतो. कम्युनिटी एरिया ७७ आहेत, १९२० च्या दशकात शिकागो युनिव्हर्सिटीच्या समाजशास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी रेषा आखल्या, त्या जवळपास तशाच राहिल्या, जनगणनेचे आकडे त्यावर येतात. वॉर्ड ५० आहेत, ते राजकीय, त्यांच्या सीमा बदलतात. नेबरहुड हे लोकांच्या तोंडातलं नाव, त्याला पक्की हद्द नाही, एजंट लोक ते रबरासारखं ताणतात. लँडमार्क डिस्ट्रिक्ट म्हणजे शहराने जपायचा ठरवलेला जुना भाग, ही मात्र कायद्याची गोष्ट आहे, कधी चार-पाच ब्लॉक, कधी एकच गल्ली. म्हणजे विकर पार्कमध्ये घर आहे म्हणजे ते विकर पार्क लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये आहे असं नाही, दोन घरं सोडून हद्द संपलेली असू शकते.

४. वर्कर्स कॉटेज, टू-फ्लॅट, ग्रेस्टोन, बंगलो... बाहेरून ओळखायचं कसं?

आधी प्लॉट समजून घ्या. इथला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १२५ फूट खोल, मागे अ‍ॅली, म्हणजे बोळ. अरुंद आणि लांब, त्यामुळे सगळी घरं रस्त्याकडे चेहरा करून पाठीमागे लांबत जातात.

वर्कर्स कॉटेज सगळ्यात साधी, दीड मजली, पुढून त्रिकोणी छप्पर, आगीनंतर शहरभर उगवली, लाकडाची किंवा विटांची. टू-फ्लॅट म्हणजे खाली एक बिऱ्हाड, वर एक, मालक एकात राहतो आणि दुसऱ्याच्या भाड्यावर हप्ता भरतो, पोलिश, चेक, लिथुएनियन सगळ्यांनी असंच शहरात बस्तान बसवलं. ग्रेस्टोन म्हणजे पुढच्या बाजूला इंडियानाचा करडा चुनखडी दगड, साधारण १८९० ते १९३० मधली, अजून ३० हजारांच्या आसपास उभी आहेत. कोपऱ्यावर जाऊन बाजूची भिंत बघा, साधी ओबडधोबड वीट दिसेल, दगड फक्त तोंडाला. हे ग्रेस्टोनपुरतं नाही, शिकागोत सगळीकडेच पुढे चांगली वीट आणि बाजूला-मागे स्वस्त "कॉमन ब्रिक" अशी पद्धत होती, त्याचा त्रास प्रश्न १३ मध्ये.

बंगलो म्हणजे आपल्या डोक्यातला बंगला नव्हे. इथे तो दीड मजली, विटांचा, बुटका, रुंद छपराचा, १९१० ते १९४० मधला, मध्यमवर्गाचा. साधारण ८० हजार आहेत आणि शहराच्या कडेकडेने त्यांचा चंद्रकोरीसारखा पट्टाच आहे. मला विचाराल तर शिकागोतलं सगळ्यात शहाणपणाने बांधलेलं घर हेच, पण पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

५. पिल्सनमध्ये काही घरांचं अंगण फुटपाथच्या चार-पाच फूट खाली का आहे?

घर खचलेलं नाहीये, रस्ता वर आलाय. शहर तळ्याकाठच्या सपाट दलदलीवर वसलेलं, सांडपाणी वाहून जायला उतारच नव्हता, रोगराई वाढली म्हणून १८५५ मध्ये चेस्ब्रो नावाच्या इंजिनिअरने गटारांची योजना आखली. पाइप खाली पुरण्याऐवजी जमिनीवर टाकले आणि वरून भराव घालून रस्तेच उंच केले. डाउनटाउनमधल्या इमारती जॅक लावून उचलल्या गेल्या, हॉटेलं चालू असताना. कामगार वस्त्यांमध्ये एवढा पैसा कोणाकडे, म्हणून घरं आहेत तिथेच राहिली, रस्ता वर गेला, दुसरा मजला पहिला झाला आणि आत जायला छोटा पूल टाकला. खालचा मजला बेसमेंट झाला, हे लक्षात ठेवून असल्या घरात पाणी येतं का ते विचारा.

६. पुलमन म्हणजे आपल्या गिरणगावासारखं का?

थोडंफार, पण मालकाची पकड खूपच घट्ट. जॉर्ज पुलमन रेल्वेचे आलिशान झोपायचे डबे बनवायचा. १८८० पासून त्याने शहराबाहेर कारखाना आणि शेजारी अख्खं गाव बांधलं, आर्किटेक्ट सोलन बेमन. विटांची रांगेतली घरं, घरात नळ, बाजारपेठ, हॉटेल फ्लॉरेन्स, चर्च, सगळं कंपनीचं. घर विकत मिळायचं नाही, फक्त भाड्याने. १८९३ च्या मंदीत त्याने पगार कापले पण भाडी कापली नाहीत आणि १८९४ च्या मे महिन्यात संप झाला, देशभर रेल्वे अडली, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने सैन्य पाठवलं. त्याच वर्षी लेबर डे राष्ट्रीय सुट्टी झाला. १८९८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीला गाव चालवायचा अधिकार नाही, घरं विका.

पुलमन त्याआधीच १८९७ मध्ये गेला होता. कामगार थडगं उकरतील या भीतीने त्याला ग्रेसलँड सिमेटरीत काँक्रीट आणि रेल्वेच्या रुळांखाली पुरलंय, हे इथला प्रत्येक गाइड चवीने सांगतो.

पण खरी ऐकण्यासारखी गोष्ट पुढची. १९६० मध्ये ही घरं पाडून इंडस्ट्रियल पार्क करायचं घाटत होतं, तेव्हा राहणाऱ्यांनीच संघटना काढून ती वाचवली, १९७२ मध्ये शहराचा लँडमार्क झाला, २०१५ मध्ये ओबामांनी नॅशनल मॉन्युमेंट केलं, आता ते नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. डब्यांमध्ये काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांची युनियन १९२५ मध्ये उभी राहिली, तिच्या नेत्याच्या, ए. फिलिप रँडॉल्फच्या नावाचं म्युझियमही इथेच आहे, ते चुकवू नका, कारण नुसतं व्हिजिटर सेंटर बघून अर्धीच गोष्ट कळते. मेट्रा इलेक्ट्रिक या लोकल रेल्वेने जाता येतं, गाडी नसली तरी अडत नाही.

७. ब्रॉन्झव्हिल आणि नॉर्थ लॉनडेलमध्ये इतकी देखणी घरं, मग मध्ये मध्ये रिकामे प्लॉट का? "एरिया खराब" आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दुसरं वाक्य ऐकून दर वेळी वैताग येतो, म्हणून नीट लिहितो.

१९१० मध्ये शिकागोत ४४ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक होते, १९३० पर्यंत २ लाख ३० हजारांच्या वर गेले, दक्षिणेतल्या राज्यांमधून रेल्वेने आलेले. पण त्यांना राहायला साउथ साइडची एक चिंचोळी पट्टीच मोकळी होती, कारण बाकीच्या वस्त्यांमध्ये घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत हे सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये सांगितलं. तोवर त्या पट्टीत स्वतःच्या बँका, वर्तमानपत्रं, विमा कंपन्या, थिएटरं उभी राहिली, तेच ब्रॉन्झव्हिल.

मग सरकारी नकाशे आले. १९३० च्या दशकाच्या शेवटी गृहकर्जासाठी वस्त्यांना रंग दिले, कृष्णवर्णीय राहतात तिथे लाल, लाल म्हणजे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून लोकांना "कॉन्ट्रॅक्ट"वर घर घ्यावं लागायचं. म्हणजे सट्टेबाजाने गोऱ्या मालकाला घाबरवून स्वस्तात घर घ्यायचं, कृष्णवर्णीय कुटुंबाला फुगवलेल्या किमतीला हप्त्यावर द्यायचं आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी स्वतःकडेच ठेवायची, एक हप्ता चुकला की घर आणि आतापर्यंतचे सगळे पैसे दोन्ही गेले. नॉर्थ लॉनडेलमध्ये १९६८ मध्ये लोकांनी एकत्र येऊन याविरुद्ध लढा दिला. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये याच वस्तीत मुद्दाम भाड्याने राहायला आले होते. दोन-दोन नोकऱ्या करून फुगवलेले हप्ते भरणाऱ्याने छप्पर कधी आणि कशातून दुरुस्त करायचं? घरं मोडकळीला आली, नगरपालिकेने पाडली, प्लॉट रिकामे राहिले. बाकी "अर्बन रिन्यूअल"च्या नावाखाली ब्लॉकच्या ब्लॉक सपाट झाले ते वेगळंच.

आता उरलंय तेही थोडं नाही. ब्रॉन्झव्हिलमध्ये कॅल्युमेट, जाइल्स, प्रेअरी या रस्त्यांवर सलग जुनी घरं आहेत, त्यात प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटची १८९४ ची रो-हाउसं आहेत. दिवसाढवळ्या निवांत फिरा.

८. लोक "ऑल्टा व्हिस्टा टेरेस बघ" म्हणतात, तिथे आहे काय?

एकच गल्ली, रिगली फील्ड या बेसबॉल स्टेडियमपासून चालत जाण्यासारखी. १९०० ते १९०४ मध्ये बांधलेली ४० रो-हाउसं, डिझाइनं २०, आणि प्रत्येक डिझाइन समोरच्या रांगेत तिरक्या टोकाला पुन्हा येतं. जोड्या शोधत फिरा, मुलांना आवडतं. १९७१ मध्ये ही शिकागोची पहिली लँडमार्क डिस्ट्रिक्ट झाली. वीस मिनिटं पुरे.

९. एजंट म्हणतो घर "नॅशनल रजिस्टर"वर आहे, म्हणजे शेजारचं कोणी पाडू शकत नाही ना?

पाडू शकतं. कोणाचा शिक्का आहे ते विचारा, सगळं त्यावर आहे.

नॅशनल रजिस्टर म्हणजे केंद्र सरकारची ऐतिहासिक वास्तूंची यादी. मान आहे, टॅक्सचे काही फायदे आहेत (प्रश्न ११), पण खासगी मालक स्वतःच्या पैशाने घर पाडत असेल तर रजिस्टर त्याला थांबवत नाही. शिकागो लँडमार्क हा शहराचा शिक्का, १९६८ च्या वटहुकमाखालचा, आयोग शिफारस करतो आणि सिटी कौन्सिल मंजूर करते. हा शिक्का असेल तर पाडायला आणि बाहेरून बदल करायला परवानगी लागते. काही वस्त्यांवर दोन्ही शिक्के आहेत, पुलमन त्यातलंच. आणि बंगल्यांच्या कित्येक डिस्ट्रिक्ट नुसत्या नॅशनल रजिस्टरवर आहेत, म्हणजे शेजारी उद्या बुलडोझर आला तर शिक्का काही करणार नाही.

१०. लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलं तर किचन बदलायलाही परवानगी लागते का?

नेहमीचं बिल्डिंग परमिट लागेल ते लागेलच, पण लँडमार्कवाल्यांना तुमच्या किचनशी सहसा घेणं नसतं. डिस्ट्रिक्टमध्ये साधारणपणे रस्त्यावरून दिसणारा बाहेरचा भाग संरक्षित असतो. पुढच्या खिडक्या, कठडे, पायऱ्या, दगडी काम बदलायचं तर जुन्यासारखं करा म्हणतात, मागच्या बाजूला बरीच सूट मिळते, वर मजला चढवायचा तर मागे सरकवून, रस्त्यावरून दिसणार नाही असा. परमिटचा अर्ज त्यांच्याकडे आपोआप जातो. कॉन्ट्रॅक्टर "परमिटशिवाय करून देतो, कोणाला कळत नाही" म्हणाला तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा, विकायच्या वेळी सगळं बाहेर येतं.

११. टॅक्समध्ये खरंच सूट मिळते का?

मिळते, पण अर्ज काम सुरू करण्याआधीच करा. इलिनॉयची योजना अशी की स्वतः राहत असलेल्या जुन्या, नोंद झालेल्या घराच्या दुरुस्तीवर असेसरने (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी) ठरवलेल्या बाजारभावाच्या किमान २५ टक्के खर्च केला आणि राज्याच्या कार्यालयाने काम मान्य केलं तर असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत, ८ वर्षं गोठवतात, पुढच्या ४ वर्षांत हळूहळू वर आणतात. असेसमेंट गोठतं, बिल नाही, दर वाढले तर बिल वाढू शकतं. केंद्राची २० टक्के क्रेडिटची योजना फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी, म्हणजे स्वतःच्या राहत्या घराला नाही.

१२. "हे घर ऑरेंज आहे" म्हणजे काय?

१९८३ ते १९९५ मध्ये शहराने जुन्या इमारतींची पाहणी करून रंग दिले, वरचा लाल, त्याखाली ऑरेंज. (प्रश्न ७ मधल्या लाल रंगाशी याचा काही संबंध नाही, उलट इथे लाल म्हणजे उत्तम.) लाल किंवा ऑरेंज घर पाडायचा अर्ज आला तर २००३ च्या नियमाने शहर जास्तीत जास्त ९० दिवस थांबवून विचार करतं. नव्वद दिवसांत लँडमार्क करायची हालचाल झाली नाही तर परमिट मिळतं. त्यामुळे ऑरेंज म्हणजे संरक्षण समजू नका, ती मुदत आहे.

१३. शंभर वर्षांचं घर घेतोय, इन्स्पेक्टरला काय बघायला सांगू?

पाण्याचा पाइप सगळ्यात आधी. १९८६ पर्यंत शिकागोच्या नियमानेच छोट्या घरांना शिशाचा पाइप सक्तीचा होता, शहरात असे साधारण ४ लाख पाइप आहेत, देशात सगळ्यात जास्त. शहराच्या ३११ या हेल्पलाइनवर फोन करून पाण्याची तपासणी फुकट होते, घरात लहान मूल असेल तर शिशासाठी प्रमाणित असलेला फिल्टर लावल्याशिवाय पाणी पिऊ नका. १९७८ आधीच्या रंगातही शिसं असू शकतं, खिडक्या घासू नका.

मग वीट. कोणीतरी सँडब्लास्ट करून घर "चकाचक" केलं असेल तर विटेचा वरचा कडक थर गेलेला असतो, ती पाणी पिते आणि थंडीत फुटते. सांधे भरताना जुन्या मऊ विटेला कडक सिमेंट लावलं तरी तेच होतं, चुन्याचा मसाला लागतो. पुढची बाजू सुंदर दिसली म्हणून खूश होऊ नका, अ‍ॅलीतून मागची भिंत बघा.

मागचे लाकडी जिने आणि पोर्च हलके घेऊ नका, २००३ मध्ये लिंकन पार्कमध्ये पार्टी चालू असताना पोर्च कोसळून १३ जण गेले. आणि बेसमेंट, कारण पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार इथे एकच आहे, मोठ्या पावसात ते उलटं येतं.

१४. लँडमार्क म्हणजे चांगलंच ना, मग पिल्सनच्या लोकांनी नको का म्हटलं?

२०१८ मध्ये शहराने पिल्सनमधल्या ८५० च्या आसपास इमारतींची लँडमार्क डिस्ट्रिक्ट सुचवली. चेक लोकांनी बांधलेल्या इमारती आणि नंतर आलेल्या मेक्सिकन लोकांनी त्यावर काढलेली चित्रं, दोन्ही जपायची कल्पना होती. पण तिथल्या मालकांचं म्हणणं, दुरुस्तीचा खर्च वाढणार, तो भाड्यावर जाणार आणि ज्यांची चित्रं जपायची तेच लोक बाहेर पडणार. २०२० च्या डिसेंबरमध्ये कौन्सिलमध्ये प्रस्ताव पडला. मला दोन्ही बाजू पटतात, पण विटा जपायला निघालेल्यांनी भाडेकरूंचं काय हे आधी विचारायला हवं होतं. पुढे २०२१ मध्ये तिथे घर पाडणाऱ्यावर जादा शुल्क लावायचा नियम आला, तो जास्त कामाचा वाटतो.

१५. साध्या, काही खास नसलेल्या घराला लँडमार्क करतात का? आणि चर्चला?

करतात. सात निकष आहेत, त्यातले किमान दोन बसावे लागतात, सौंदर्य हा त्यातला एकच भाग. एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा १९५५ मध्ये मिसिसिपीत वर्णद्वेषातून खून झाला, तो वुडलॉनमधल्या ज्या टू-फ्लॅटमध्ये राहायचा ते घर २०२१ मध्ये लँडमार्क झालं, बाहेरून अगदी चारचौघांसारखं आहे. घरमालकाची संमती मागतात पण ती बंधनकारक नाही. चर्च किंवा मंदिर वापरात असेल तर मात्र मालक संस्थेच्या संमतीशिवाय करता येत नाही.

१६. ओक पार्क आणि डेव्हॉन या यादीत का नाहीत?

ओक पार्क शिकागोत येत नाही, ते वेगळं गाव, त्याचे नियम वेगळे. राइटचं घर बघायला जरूर जा, पण वरचे परमिटचे नियम तिथे लावू नका. शिकागोतलंच राइटचं घर हवं तर हाइड पार्कमधलं १९१० चं रोबी हाउस, २०१९ पासून युनेस्कोच्या यादीत. डेव्हॉनवर आपण किराणा आणायला जातो, पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये तिथेच सुरू झालं, इतिहास आहे पण लँडमार्क डिस्ट्रिक्टचा शिक्का नाही. शेजारच्या गल्ल्यांमध्ये चांगले बंगलो आहेत, समोसे खाऊन झाले की चक्कर मारा.

१७. जुन्या पत्रावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे भलतंच काहीतरी आहे, असं कसं?

१९०९ मध्ये शहराने जवळपास सगळे घरनंबर बदलले, डाउनटाउनचे १९११ मध्ये. तेव्हापासून स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांचा चौक शून्य आणि साधारण दर मैलाला ८०० नंबर. त्याआधी उत्तरेकडचे नंबर नदीपासून सुरू व्हायचे.

आपल्याकडचे लोक यात हमखास फसतात ते विवेकानंदांच्या बाबतीत. १८९३ च्या धर्मपरिषदेचं भाषण आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत झालं, ती सापडते. पण ते ज्या हेल कुटुंबाकडे राहायचे त्यांचा पत्ता पत्रांवर ५४१ डिअरबॉर्न अ‍ॅव्हेन्यू असा आहे आणि मंडळी आजच्या ५४१ नंबरसमोर उभं राहून फोटो काढतात. ती जागा तिथून बरीच उत्तरेला, लिंकन पार्कच्या बाजूला होती. १९०९ आधीचा कुठलाही पत्ता असेल तर आधी जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता बघा, नेटवर मिळतो, आणि मग गाडी काढा.